चुन्याचं पाणी

कासू गावच्या कान्हूइतका बिनडोक माणूस मी पाहिला नाही. पेणला रक्त तपासायची लॅब चालवतो मी, बिनडोक मला रोज भेटतात, तरी सांगतो.

कान्हू कावीळ उतरवायचा. परातीत चुन्याचं पाणी, त्यात रोग्याचे हात, वर काहीतरी पुटपुटणं. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली! पूर्वी कधी व्हायचं, कधी नाही. नव्वद साली रोह्याला रंगाची कंपनी निघाली नि याचं नशीब फळफळलं. कामगारांच्या हातांच्या रेघांत पिवळा रंग मुरलेला. हात बुडवले की परात पिवळीधमक. निडीपासून लोक गाडी पकडून यायला लागले. कप्पाळ!

त्र्याण्णवच्या दिवाळीत त्याचाच मुलगा हरेश आजारी पडला. तोही त्याच कंपनीत. डोळे हळदीसारखे, अन्न बघवेना. सून सगुणा मला बोलवायला आली. मी सुई घेऊन गेलो. लिव्हर किती बिघडलंय ते रक्तच सांगणार. कान्हू दारात आडवा.

"रगत नाय काढू देनार. पानी बगा, रोज पिवला होतंय. उतरते हाय!"

"अरे, तो रंग आहे कंपनीचा!"

हरेशच्या शिफ्टचा हिरामण भेटायला आला होता, चांगला धडधाकट. मी त्याचेच हात परातीत बुडवले. पाणी पिवळंजर्द. आता तरी पटेल? कान्हूने हिरामणकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"अरं बाला, तुला पन कावील हाय."

असल्यांशी कोण डोकं फोडणार! मी सुई पिशवीत घातली, घरी आलो आणि जेवलो.

आठव्या दिवशी सगुणाने सासऱ्याला न विचारता हरेशला रिक्षात घालून लॅबवर आणलं. तो माणसं ओळखत नव्हता. रक्तातले आकडे बघून मीच गाडी बोलावली. मुंबईला न्यायला निघाले, पनवेलच्या पुढे तो गेला नाही.

दहाव्याला मी गेलो. कान्हू जमलेल्यांना सांगत होता, "सुई टोचली, म्हनून पोर गेला." लोक माना डोलवत होते. माझं टाळकं सरकलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सगुणा पुढे आली.

"आठ दिस रंग धूत बसलाव, मामा," ती सासऱ्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "त्यांना कलत नवता. तुमाला म्हाईत व्हता ना? मंग तुमी का निंगून गेलाव?"