बटण दाबलं की भागवत

रेणुकाबद्दल लिहा, असं मला कुणी सांगितलेलं नाही. पुढाऱ्यांची चरित्रं लिहायला माणसं मिळतात, फोटोसकट छापूनही येतात. ताडकळसच्या स्टँडसमोर झेरॉक्स काढणाऱ्या बाईचं कोण लिहिणार? म्हणून मी लिहायलोय.

तिचं माहेर चारठाण्याकडचं. जुनी देवळं बघायला तिथं लांबून लोक येतात. तिला देवळांचं विचारलं तर म्हणते, "सावली लय गार असायची." बस, एवढंच. दहावी झाली, लग्न झालं आणि ती ताडकळसला आली. नवरा भागवत, माझा दोस्त, आमच्याच विहाराच्या गल्लीतला. त्यानं गल्लीच्या तोंडाशी, स्टँडसमोर ऑनलाइन सेंटर टाकलं. रेणुका आधी नुसती झेरॉक्स काढायची, फोटोला लॅमिनेशन मारायची. मग त्याच्या खुर्चीमागं उभी राहून राहून फॉर्म भरायला शिकली. शिकवलं असं कुणी नाही. भागवतला शिकवायला फुरसतच नव्हती, बाजाराच्या दिवशी तर त्याला जेवायलाही फुरसत नसायची.

गेल्या उसाच्या हंगामात भागवत गेला. पिंगळीहून मोटरसायकलवर यायलता. पुढं उसाची ट्रॉली, तिला मागं ना दिवा ना लाल पट्टी. त्यावर मी कुठल्या कुठल्या कचेरीत अर्ज दिले ते इथं सांगत बसत नाही. ट्रॉल्या अजून तशाच चालतात.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी रेणुकानं सेंटरचं शटर वर केलं. गल्लीतल्या बाया बोलल्या, "डोळ्याला पाणी म्हणून न्हाई हिच्या." त्यातल्या एकीला मी जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही. पण बाया खोटं बोलत नव्हत्या. रेणुका रडत नव्हती. कुणी गंमत केली तर हसतही नव्हती. चहा समोर आला तर प्यायची, नाही आला तर तिच्या लक्षातही यायचं नाही. दिवसभर तोंडात एकच वाक्य, "पुढचं कोण हाय?" रांगेतला माणूस पुढं सरकायचा, ती फॉर्म भरायची.

एक काम मात्र तिच्यानं होत नव्हतं. कंप्युटर चालू करणं. सकाळी झाडलोट करायची आणि बाहेर ओट्यावर येऊन उभी राहायची. बटण दाबायला सासू यायची. सरजाबाई, भागवतची आई. तिला अक्षर वाचता येत नाही, पण बटण बरोबर दाबायची, खुर्चीवर घटकाभर बसायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "बस जा पोरी." मग रेणुका मान खाली घालून आत जायची, पडद्याच्या कोपऱ्यातली फुली दाबायची आणि तेव्हा कुठं वर बघायची. मला वाटायचं, म्हातारीच्या हातानं सुरुवात करायची, असली काहीतरी भावना असेल. मी त्यावरून चेष्टाही केली होती, "वहिनी, बाबासाहेबांच्या घरात मुहूर्त कवापासून आला?" ती म्हणाली, "पुढचं कोण हाय?"

मग एकदा सरजाबाई लेकीकडं पूर्णेला गेली. मला एक अपील टाइप करून घ्यायचं होतं, म्हणून सकाळीच गेलो. शटर वर, पंखा चालू, दोघं-तिघं बाकड्यावर, आणि रेणुका ओट्यावर उभी.

"वहिनी, लोक खोळंबलेत. बसा की."

"तुमी दाबा दादा बटण."

दाबलं. पडदा उजळला. आणि कुणी काही न करता एक खिडकी आपोआप उघडली, सगळा पडदा भरून. कंप्युटरबरोबर येतो तो मेलचा प्रोग्राम. वर लिहिलेलं, 'नमस्कार भागवत'. कोपऱ्यात गोल चौकटीत त्याचा फोटो. निळा शर्ट, मागं पांढरा पडदा, तोच सेंटरमधला. दुसऱ्यांचे फोटो काढता काढता स्वतःचाही काढला असेल.

मी विचारलं, "हे रोज?"

"रोज." ती दारातूनच बोलली, आत न बघता. "मागं अपडेट झालं तवापासून. दिवसातनं कुठल्या साईटवर मेलच्या पत्त्यावर माऊस लागला की परत तेच. त्यांना पण नको होतं. खातं टाका, खातं टाका म्हणून पिच्छा पुरवायचं, तर एकदा वैतागून टाकलं त्यांनी. रोज सकाळी शिव्या घालायचे, तुला कुणी बोलावलं बे?"

"अन् तुमी इतके दिवस सांगितलं न्हाई?"

"काय सांगायचं?"

माझं डोकं फिरलं. माणसानं सहन तरी किती करायचं, आणि एका यंत्राकडून! खुर्ची ओढून बसलो. माझं शिक्षण कुठल्या वर्गातलं नाही, पण कंप्युटरला मी घाबरत नाही. म्हटलं, हा प्रोग्रामच काढून टाकू. शोधलं, तर काढायचं बटण फिक्कट, दाबलं तरी दबत नाही. आमंत्रण नसताना पहिल्या रांगेत बसणारा आणि उठवलं तरी न उठणारा एखादा पुढारी असतो ना, तसला प्रकार. आणखी खोदलं. एके ठिकाणी सापडलं, 'खातं काढा'. दाबलं. खात्री आहे का, असा प्रश्न आला. बाण नेऊन 'हो'वर ठेवला.

"वहिनी, भागवतचं खातंच काढून टाकतो. परत नाव दिसणार न्हाई. करू?"

"करा."

'पुढचं कोण हाय' म्हणते त्याच आवाजात.

तेवढ्यात बाकड्यावरून दिपाली उठली. धोंडीबाची पोरगी. त्यांच्या घरी शेळ्या-मेंढ्या, आणि ही घरातली पहिलीच बारावी झालेली. नर्सिंगला अर्ज केलेला.

"काकू, तेवढं काढायच्या आधी माझा मेल आला का बघा की. किती चकरा मारायले मी."

"तुझ्या मोबाइलवर बघ ना," मी म्हणालो.

"माझा कुठला मेल? काकूनंच टाकला फॉर्मवर."

मी रेणुकाकडं वळलो. "कुणाचा टाकला?"

"तोच," ती म्हणाली. "सगळ्यांना तोच टाकते."

शहरातल्या लोकांना हे कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडं फॉर्म ऑनलाइन झाले, पण माणसाकडं मेल नाही. आणि मेल लिहिल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. मग सेंटरवाला स्वतःचाच टाकतो. काही आलं तर तो हाक मारून सांगतो. शिष्यवृत्ती, पीकविमा, भरतीची परीक्षा, सगळं. भागवतनं वर्षानुवर्षं हेच केलं. अर्धं ताडकळस सरकारी कागदावर त्याच्या पत्त्यावर राहायला होतं.

"पण हिचा फॉर्म तर आत्ताचा. भागवत गेल्यानंतरचा."

"हात तेच टाकतो दादा."

"अहो वहिनी, मेलेल्या माणसाच्या..." मी ओरडलोच. बाकड्यावरचे खाली बघायला लागले. रेणुकाच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

माऊसवरून हात काढला. जरा शांत आवाजात विचारलं, "पासवर्ड?"

"त्यांच्या डोक्यात."

"नवीन करू. मोबाइलवर ओटीपी येईल की."

"त्यांच्या सिमला रिचार्ज मारला न्हाई, बंद पडलं. एकदा लावून बघितला नंबर. वसमतचा कुणीतरी उचलतो आता."

आणि दुसरीकडं कुठं ते खातं उघडं नव्हतं. मोबाइल अपघातात फुटलेला. कंप्युटर मधे परभणीला दुरुस्तीला गेला, तिथं इंटरनेटच्या ब्राउझरमधलं सगळं पुसून मोकळं केलेलं. उरलं होतं ते एवढ्या एका खिडकीत. मी 'हो' दाबलं असतं तर भागवतचं नाव गेलं असतं, आणि त्याच्याबरोबर दिपाली, आणि आणखी कोण कोण.

"उठा दादा," रेणुका म्हणाली.

मी उठलो. ती आत आली, खुर्चीवर बसली आणि 'नाही' दाबलं. न वाचलेल्या मेलांचा ढीग साचलेला. रोज फुलीच दाबत होती, वाचणार कोण? ती एकेक खाली सारत गेली, सुपातले खडे बघावेत तशी. कोपऱ्याकडं एकदाही बघितलं नाही. दिपालीचा मेल निघाला. कागदपत्रांची तपासणी, परभणीला, येत्या सोमवारी.

"अगं बाई, सोमवारी!" दिपालीनं कपाळावर हात मारला. "मी आज आले नसते तर?"

रेणुकानं विचारलं, "प्रिंट काढू?"

मग मी दुसऱ्या बाजूनं लागलो. प्रोग्राम काढायचा नाही, खातं काढायचं नाही, फक्त त्याला आपोआप उठू द्यायचं नाही. कंप्युटरबरोबर जागे होणाऱ्या प्रोग्रामांची एक यादी सेटिंगमध्ये असते. त्यात हे महाशय ऐटीत बसलेले. त्यांचं बटण बंद केलं. मेलचा पत्ता दाबला की कुणी धावत यायचं, हे वेगळ्या जागी ठरतं. तिथंही त्यांचं नाव काढून इंटरनेटच्या ब्राउझरचं टाकलं. कंप्युटर बंद करून रेणुकाला म्हणालो, "आता तुमी दाबा."

तिनं दाबलं. पडदा उजळला. कंपनीनं दिलेलं डोंगराचं चित्र आलं. आम्ही सगळेच बघत राहिलो, बाकड्यावरचेसुद्धा. काही उघडलं नाही.

"आलं न्हाई," ती म्हणाली. मग दिपालीकडं वळली. "तुझा मोबाइल दे. तुला तुझा मेल काढून देते."

माझं अपील त्या दिवशी राहूनच गेलं. दोन दिवसांनी सकाळी परत गेलो तर सरजाबाई पूर्णेहून आलेली. सवयीनं खुर्चीवर बसून तिनं बटण दाबलेलं. रेणुका ओट्यावर नव्हती, आतच झेरॉक्सपाशी होती.

"रेणुका, आज ईना गं," म्हातारी म्हणाली.

"काय ईना, मावशी?" मी विचारलं.

"भागवत." तिनं पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं डोंगर होता. "हितं येतंय माझं लेकरू. बटण दाबलं की येतंय."

मला आत्ता कळलं ती रोज कशाला यायची ते. घरात भागवतचा हार घातलेला फोटो आहे, मोठा, मीच करून आणलेला. पण त्या फोटोत तो येत नाही, नुसता असतो.

"बंद केलंय आत्याबाई," रेणुका म्हणाली.

"बरं." सरजाबाई उठली, पदर सावरला आणि गेली.

"परत चालू करून देऊ का?" मी म्हणालो.

"नको."

"म्हातारी..."

"नको म्हणले ना दादा." पुष्कळ दिवसांनी तिचा आवाज चढलेला ऐकला. लगेच उतरलाही. "तुमचं अपील द्या."

आता नवीन फॉर्मवर ती ज्याचा त्याचा मेल टाकते. नसेल तर काढून देते. जुन्यांचं अजून येत असतं. दुपारी, पूर्णेची गाडी गेली की स्टँड रिकामा होतो, तेव्हा ती स्वतःच्या हातानं ती खिडकी उघडते. ज्याचा मेल असेल त्याला फोन लावते, ये म्हणते, पत्ता बदलून घे म्हणते. त्याआधी शटरमधून वाकून एक हाक मारते, "आत्याबाई, या."

सरजाबाई येते. स्टुलावर बसते. एक बाई खाली येणारे मेल बघते, वर बघत नाही. दुसरी वरच्या कोपऱ्यात बघते, तिला खालचं वाचता येत नाही. मेल संपले की रेणुका बाण फुलीवर नेते.

"करू का बंद?"

"थांब जरा."

रेणुका थांबते.