हळदीच्या दळणाची ओवी

लेकीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं. सासर अमरावतीचं. मी मराठी चौथी शिकलेली, याद्या करायची सवय तेव्हापासूनची. पाहुणे, भांडी, पत्रावळी, बडनेऱ्याला गाडी बदलताना सामानावर कोण नजर ठेवणार, सगळं लिहून झालं, खुणाही झाल्या. एकच काम अडलं होतं. आमच्याकडे लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळतात आणि पहिली ओवी नवरीच्या आईनं म्हणायची, तीही स्वतःची. दुसरीची चालत नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात गिरणी निघाल्यापासून आमचं जातं कोपऱ्यात पडून होतं. पूर्वी दळताना ओव्या आपसूक यायच्या. सासरी आले तेव्हा आल्या, पहिलं मूल गेलं तेव्हाही आल्या. आता कागद घेऊन बसले तर एक शब्द येईना. उठले, मोर्णा नदीकाठच्या आमच्या मळ्यात जाऊन शेवंती तोडून आले. पुन्हा बसले. पुन्हा उठले, धुतलेली भांडीच परत धुतली. शेवटी कशाबशा दोन ओळी जुळवल्या आणि पाठ केल्या.

हळदीच्या दिवशी जात्याला आंब्याची पानं बांधली. समोर नणंद बसली. खुंटा धरून मी सुरू केलं,

"पाच पातेली, दोन पराती, लेकी तुझ्या गं संगती,
पितळेची घागर देते, जप तिला दिनराती."

नणंदेनं जातं थांबवलं. "काहून वयनी, ओवी म्हणून राहिल्या का सामान मोजून राहिल्या?"

दळायला जमलेल्या बाया खदखदून हसल्या. कोपऱ्यात हार ओवत बसलेली लेकही हसली, पण लगेच मान खाली घातली. उद्या ती जाणार आणि मी तिला घागर जपायला सांगत होते.

"तुमी दळा, मी चहाचं पाहते," म्हणत मी उठू लागले.

"बसा चुपचाप. चहा कोठी पळून नाई चालला."

बसले. दळत राहिले. घास घालायचा, फिरवायचं, परत घास. हात भरून आला. सकाळी मळ्यात ओल्या वाफ्याच्या कडेला लेकीचं पाऊल उमटलेलं दिसलं होतं, पाणी सोडलं की पुसलं जाणारं, तेच डोळ्यांपुढून हलेना, आणि तोंडातून निघून गेलं,

"शेवंतीच्या वाफ्यामंदी, लेकी, तुहं पाऊल गं,
पाटाचं पाणी आता सोडू..."

पुढची ओळ काही येईना. बायांनी तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत हळद संपवली. नणंद दळलेली हळद भरत राहिली.

संक्रांतीला लेक माहेरी आली. आल्या आल्या मळ्यात गेली, वाफ्याशी उभी राहिली. मी टोपली घेऊन मागोमाग गेले.

"माय, सोडलं का मंग पाणी?"

"सोडलं. शेवंती वाळून राहिली होती."

"अन् ओवीचं?"

मी टोपली तिच्या हातात दिली आणि फुलं तोडायला लागले. ती अर्धी ओळ अजून अर्धीच आहे. आताशा दोन पायल्या धान्य मी गिरणीत पाठवतच नाही, घरीच जात्यावर दळते.