शेवटच्या ओळीतलं नाव
दाणे भाजताना जरा करपले की अजूनही मला इंदिरानगरच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरातली ती दुपार आठवते. सासूबाई कळवणहून आल्या होत्या, ओट्यापाशी खुर्ची टाकून मोबाईल बघत होत्या आणि मी कढईत दाणे परतत होते. "ऐक गं, आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर काय आलंय," म्हणत त्यांनी मोठ्यानं एक कविता वाचायला घेतली. दुसऱ्याच ओळीला माझा हात थांबला. कविता माझी होती. कुठल्याही संपादकाची वाट न बघता मी ती व्हॉट्सॲपवर टाकली होती. खाली नाव मात्र कुणा निवृत्त प्राध्यापकाचं! "लय भारी लिहिलंय सरांनी. पण बाप्याला कसं कळलं बाईच्या मनातलं?" मी म्हटलं, "आई, ती माझी आहे. खाली माझं नाव होतं, कुणीतरी कापलं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खाली कशाला लिहायचं? अभंगात बघ, नाव शेवटच्या ओळीतच ऱ्हातं. काढलं तर चालच मोडती." माझा संताप तिथेच कामाला लागला. दाणे खुशाल करपू दिले आणि शेवटची ओळ मोडून माझ्या नावासकट नव्यानं बांधली. सासूबाईंनी ती टाळीवर म्हणून पाहिली, मान डोलावली, मगच मी कविता पुन्हा टाकली. परवा ती फिरत फिरत माझ्याकडे परत आली. खाली आता भलत्याच गृहस्थाचं नाव होतं, आणि शेवटच्या ओळीत माझं.