येल्लोजी अण्णांचं लिंबू

येल्लोजी अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते भल्या सकाळी सर्जापूर रोडच्या मागच्या रस्त्यात मधोमध उकिडवे बसून डांबरावर एक लिंबू ठेवत होते. वय सत्तरीचं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी पँट, चामडी चपला आणि खिशाला पेन. मी पळायला निघाले होते. आता मी पडले पुण्याची, महादेवपुऱ्याच्या एका कंपनीत लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून पोट भरणारी. अंधश्रद्धा वगैरे मला शिवत नाही. म्हणून मी फक्त रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला गेले आणि मनातल्या मनात गणपतीचं नाव घेतलं, एवढंच.

रस्त्याचा कल नेमका माझ्या बाजूला होता. लिंबू टुणटुणत निघालं ते सरळ माझ्या बुटाशी येऊन थांबलं. माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली, तिच्यामुळे दोन कुत्री उठून बसली.

"अय्यो, भिऊ नको की पोरी!" अण्णा उठत म्हणाले. "मंत्रबिंत्र काय नाही. चढ बघाय लागलोय."

त्यांनी लिंबू उचललं, रुमालाने पुसलं आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी ठेवून दिलं. ते आमच्याच सोसायटीत, मुलाकडे राहायला आले होते.

अण्णांचं मराठी घराणं बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. चिकपेटेत त्यांचं अस्तर, बटणं आणि दोऱ्यांचं दुकान होतं. अण्णा उभी हयात सायकलच्या कॅरियरवर अस्तराचे गठ्ठे बांधून शहरभरच्या शिंप्यांना पोचवत हिंडले. सायकल बिनगिअरची. त्यामुळे हे शहर जिथे जिथे वर चढतं तिथे तिथे त्यांच्या मांड्यांनी त्याची नोंद ठेवली होती. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं की बंगळूर सपाट आहे. मलाही वाटायचं. "सपाट कुठलं?" अण्णा म्हणायचे. "हे गाव म्हणजे धुऊन इस्त्री न केलेलं अस्तर. लांबून बघ, गुळगुळीत. हात फिरव, मग कळतं."

आता मांड्या थकल्या होत्या, म्हणून लिंबू. बाजारात ते लिंबू विकत घेताना आधी गाडीवाल्याच्या फळीवर गडगडवून बघायचे. पातळ सालीचं, चहूबाजूंनी गोल, असंच हवं. एका लिंबासाठी वीस लिंबं गडगडवायचे. कोपऱ्यावरचा गाडीवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की गाडीवर ताडपत्री ओढून घ्यायचा.

सोसायटीत यावरून रामायण घडलंच. बेसमेंटच्या कॅमेऱ्यात अण्णा पार्किंगच्या उतारावर लिंबं ठेवताना दिसले आणि सोसायटीच्या ग्रुपवर काळ्या जादूची चर्चा पेटली. एकीने आपल्या गाडीच्या टायरखाली उलट तोड म्हणून दोन मिरच्या ठेवल्या. शेवटी सेक्रेटरींनी मीटिंग बोलावली. अण्णा शांतपणे म्हणाले, "बन्नी, या, खाली या सगळे." मग आम्ही चौदा सुशिक्षित माणसं बेसमेंटमध्ये एका लिंबामागून हळूहळू चालत गेलो. लिंबू वळलं, रेंगाळलं आणि लिफ्टच्या दाराशी जाऊन थांबलं. "पाऊस आला की पाणी हेच करतंय," अण्णा म्हणाले. "लिफ्ट दर वर्षी बंद पडती ती का, ते कळलं का?" दर पावसाळ्यात लिफ्टवाल्याला शिव्या घालणारे सेक्रेटरी तेव्हा लिंबाकडे बघतच राहिले. मग अण्णांनी ते लिंबू धुतलं, त्याचं सरबत केलं आणि सेक्रेटरींना पाजलं. काम झालेलं लिंबू फेकायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

त्यांना माझी कथा कळली ती अशाच एका सरबताच्या वेळी.

त्याच्या आदल्या वर्षी मी शहरातल्या मोठ्या शर्यतीत एकवीस किलोमीटर पळायला उतरले होते. पर्वती चढून मोठी झालेली मी, बंगळूरच्या रस्त्यांना काय भीक घालणार! अठरा किलोमीटरपर्यंत बरी होते. नकाशात त्यापुढे "सपाट" लिहिलं होतं. त्या सपाटीवर माझे पाय असे काही बसले की मागून झाडूगाडी आली. ही म्हणजे मागे राहिलेल्यांना गोळा करत येणारी बस. तिच्यातली एक बाई मला हाताला धरून आत घेऊन गेली, खिडकीशी बसवलं, केळं दिलं. नेमका त्याच वेळी कुणीतरी फोटो काढला. छातीवर नंबर, तोंडात केळं, डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी तो आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आला आणि आजतागायत कुणीही कामाला उशीर केला की तोच फोटो टाकतात. मला पुन्हा पळायचं होतं. पदक, वेळ, काही नको होतं. फक्त त्या बसमध्ये चढायचं नव्हतं.

फोटो बघून अण्णा हसले नाहीत. तसं न हसणारा तो पहिलाच माणूस. त्यांनी नकाशा मागितला, चष्मा लावला आणि शेवटच्या तीन किलोमीटरांवर पेन ठेवलं.

"सपाट? हे कुणी लिहिलं? ह्यानं कधी अस्तराचा गठ्ठा वाहिलाय काय?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघं रिक्षाने सगळा मार्ग फिरलो. जिथे शंका येईल तिथे अण्णा रिक्षा थांबवायचे, उतरायचे, लिंबू ठेवायचे. तिसऱ्या थांब्यानंतर रिक्षावाल्याने पुढच्या काचेवरच्या देवाला हात जोडले. पाचव्यानंतर तो स्वतःच उतरून "अण्णा, इकडं स्वल्प जास्त पळतंय बघा" असं सांगायला लागला.

चार चढ निघाले. माझ्या लक्षात राहावेत म्हणून अण्णांनी त्यांना नावं दिली. पहिला चढ धाकटा मेव्हणा. "त्रास काय देत नाही, पण लवकर जातही नाही. त्याच्याशी बोलत बसू नको, आपलं काम करत राहा." दुसरी थोरली वहिनी. "आखूड आणि तिखट. मान खाली घालायची, दोन मिनटांत गप्प बसती." तिसरा सासरे. लांबलचक, सरळ, दोन्ही बाजूंनी झाडं. "काय बोलत नाहीत. नुसतं बघत राहतात. ते बघतात म्हणून वेग वाढवायचा नाही."

"माझ्या वडलांना चढ म्हणतात!" घरी आल्यावर सुभद्राअक्का, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. मग जरा विचार करून, "पण असेच होते हो," म्हणून आत गेल्या.

आणि शेवटचा, अठरानंतरचा, ज्याने मला बसमध्ये घातलं होतं, तो व्याही. "दिसायला सपाट. गोड बोलतोय. काय नको आम्हाला, म्हणतोय. आणि शेवटाला सगळं काढून घेतोय," अण्णा म्हणाले. तिथे लिंबू ठेवलं तर क्षणभर विचार करून ते हळूच मागे आलं. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. म्हणजे वर्षभर जिच्यासाठी मी स्वतःला शिव्या घालत होते, ती चूक माझी नव्हती. रस्ताच खोटं बोलला होता.

अण्णांचं एक पालुपद होतं, "मग बाही कुठून आणणार?" ते आलं होतं दुकानातून. शिंप्याने खांद्यालाच कापड उधळलं, की शेवटी बाहीला उरत नाही. मी सरावाला पहिल्या चढावर जोरात सुटले की ते कट्ट्यावरून ओरडायचे, "मेव्हण्यालाच सगळं दिलंस! मग बाही कुठून आणणार?" आठ महिने मी हे ऐकलं. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने सगळी मुदत पहिल्याच टप्प्यात संपवलेली पाहून मी हाच प्रश्न विचारला आणि सगळे माझ्या बाहीकडे बघायला लागले.

दुसरी त्यांची एक गोष्ट म्हणजे चढाबद्दल खोटं बोललेलं त्यांना खपायचं नाही. एका छोट्या शर्यतीत ते मला बघायला आले होते. तिथे पाण्याच्या टेबलाशी एक तरणाबांड स्वयंसेवक येणाऱ्या-जाणाऱ्याला "झालंच की, थोडंच राहिलंय!" म्हणत होता. अजून अर्धं अंतर बाकी होतं. अण्णा तरातरा त्याच्यापुढे गेले. "किती राहिलंय ते नीट सांगणार असलास तर सांग. नाहीतर गप्प केळी सोल. माणूस तुझ्या भरवशावर दम खर्च करतोय." तो बिचारा उरलेला वेळ खरोखर गप्प केळी सोलत होता. "लागतंय साडेचार मीटर, तर चारात बसवतो म्हणून सांगू नये," अण्णा मला नंतर म्हणाले. "गिऱ्हाईक आपल्यावर विश्वास ठेवतंय. त्याचं कापड सुम्मने खराब करायचं?" सुम्मने म्हणजे उगाच. अण्णांच्या मते जगातली निम्मी दुःखं सुम्मने होती.

शर्यतीचा दिवस उजाडला. मेव्हण्याशी मी बोलले नाही. वहिनीपुढे मान खाली घातली. सासरे बघत राहिले, मी वेग वाढवला नाही. अठराव्या किलोमीटरला मी चक्क हसत होते. मग व्याही लागला.

त्याने मागितलं ते मी दिलं, मग आणखी मागितलं. पोटऱ्यांत गोळे आले. अर्ध्यावर मी चालायला लागले, मग चालणंही जमेना. मागून तो ओळखीचा हॉर्न वाजला. वळून पाहिलं तर झाडूगाडी, आणि दारात तीच गेल्या वर्षीची बाई, हातात केळं. आठ महिने जपून वापरलेलं कापड संपलं होतं. बाही काही व्हायची नाही, हे मला कळून चुकलं.

तेवढ्यात समोर रस्त्याच्या मधोमध अण्णा उकिडवे बसलेले दिसले.

मी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. मला रडू आलं होतं. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "संपला व्याही. उतार लागला."

"अण्णा, कुठला उतार? चढच आहे हा!"

"माझ्यावर नको ठेवू विश्वास. ह्याच्यावर ठेव." आणि त्यांनी लिंबू डांबरावर ठेवलं.

लिंबू पुढे निघालं. खरोखर पुढे, शेवटच्या कमानीच्या दिशेने, चांगलं ऐटीत. मी बघत राहिले. लिंबाने कधीच कुणाला फसवलं नव्हतं. उतार आहे म्हटल्यावर पायांनाही पटलं असावं, कारण ते हलले. मी लिंबामागे पळाले, लिंबाला मागे टाकलं आणि मग पळतच राहिले. उतार काही मला जाणवला नाही, पण तेव्हा मला काहीच जाणवत नव्हतं. बस माझ्या मागे वीस पावलांवर असताना मी कमानीखालून गेले. त्या बाईने दारातूनच टाळ्या वाजवल्या आणि केळं तिने स्वतःच खाल्लं.

अण्णा मागून चालत आले. लिंबू त्यांनी उचलून आणलं होतं. त्याचं सरबत त्यांनी तिथेच, माझ्या बाटलीत केलं. अर्धं मी प्यायले, अर्धं त्यांनी. "सरी," ते म्हणाले. म्हणजे ठीक. बास, कौतुक एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. सुभद्राअक्का म्हणाल्या, ताक मागितलं होतं, ते आणेपर्यंत झोपले. मी त्या दिवशी ऑफिसमध्ये होते. मला फार रडू आलं आणि अजूनही अवेळी येतं. भाजीच्या गाडीवर लिंबं दिसली की विशेष.

त्यांच्यानंतर महिन्याभराने, एका सकाळी, मला त्या जागी जावंसं वाटलं. एक गोल, पातळ सालीचं लिंबू घेऊन गेले. अण्णा बसले होते तिथे बसले आणि ते डांबरावर ठेवलं.

लिंबू क्षणभर थांबलं आणि मागे येऊन माझ्या बुटाला लागलं.

मी पुन्हा ठेवलं. पुन्हा मागे. चार पावलं पुढे जाऊन ठेवलं, डावीकडे ठेवलं, उजवीकडे ठेवलं. कमानीच्या जागेपर्यंत ठेवत गेले. दर वेळी मागे. तिथे उतार नव्हताच. पार शेवटापर्यंत व्याहीच होता.

मी तिथूनच सुभद्राअक्कांना फोन लावला. लिंबू दर वेळी मागेच येतंय, म्हणून सांगितलं.

"अंगठ्यानं ढकललं त्यांनी," त्या म्हणाल्या. "शर्यतीच्या आधी आठवडाभर खाली बेसमेंटला जायचे. उतारावर बसून लिंबू वर ढकलायचे, हात हलल्यालं दिसू नये असं. मी म्हटलं, अहो, तुम्ही आणि खोटं? तर म्हणाले, पोरीला बाहीला कापड कमी पडणार आहे. मी बघून ठेवलंय. कुठून तरी आणाय पाहिजे."

त्याच दिवसापासून मी दर रविवारी सकाळी तिथे जाते. यंदाच्या शर्यतीला महिना उरलाय आणि यंदा मी पळणार नाही, व्याह्याच्या मध्यावर बसणार आहे. अंगठ्याची ती लकब अजून साधत नाही. परवा अशीच रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसून लिंबू ढकलत होते, तर समोरून एक मुलगी पळत आली. तिने मला पाहिलं, लिंबाला पाहिलं, गळ्यातल्या ताईताला हात लावला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला गेली.