कपाटामागचा पिवळा रंग

आमच्या शेजारच्या काकू राहायला विश्रांतवाडीत असल्या, तरी त्यांची जीभ अजून नारायण पेठेतच आहे. लग्न होऊन त्या पेठेत आल्या, उभा जन्म तिथेच काढला, आणि मुलाने इकडे फ्लॅट घेतला म्हणून नाइलाजाने आल्या, असं त्या येईल त्याला ऐकवतात. माझ्या पहिल्या गरोदरपणात आम्ही बाळाची खोली रंगवायला काढली, तेव्हा दारात उभं राहून त्या म्हणाल्या, "बाळाचा पत्ता नाही आणि एवढा थाट? आधी काही करायचं नसतं गं. आमच्याकडे तर साधं टोपडंसुद्धा आणत नाहीत."

आप्पा तेव्हा स्टुलावर चढले होते. आप्पा म्हणजे माझे वडील. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि आई गेल्यापासून आमच्याकडेच राहणारे. हातात ब्रश, डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी, नाकावर पिवळा ठिपका. तिथूनच ते म्हणाले, "वहिनी, भिंतीचा रंग बघून बाळ परत फिरतं असं कुठं वाचलंत का तुम्ही?"

काकू हसल्या, मीही हसले. आमच्याकडे असलं काही मानतच नाहीत. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच दृष्ट, मुहूर्त, अंगारे-धुपारे सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. आजीच्या मनातून मात्र ते पुरतं गेलं नव्हतं. तिने एकदा चोरून माझ्या कमरेला काळा दोरा बांधला होता म्हणे. आप्पांनी तो कात्रीने कापून तिच्यासमोरच कचऱ्यात टाकला. त्यावरून मायलेकांचा अबोला किती दिवस चालला, ते आई रंगवून सांगायची. अशा माणसाच्या घरात बाळाची खोली आधी रंगवायला घाबरायचं म्हणजे काय? आम्ही चांगली झगझगीत पिवळीधमक रंगवली. पाळणा आणला, पडदे शिवले.

सातव्या महिन्यात ते बाळ गेलं. मुलगा होता. याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

दवाखान्यातून घरी आले, तर ती खोली पांढरी झाली होती. पाळणा नाही, पडदे नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून आप्पांनी सगळं कुणाकुणाला देऊन टाकलं होतं आणि स्वतः एकट्याने भिंतींवर पांढरा मारला होता. त्यांच्या हाताच्या नखांत तो रंग अजून होता. त्यांचं मन मला कळत होतं हो, पण तरीही अंगाचा असा काही तिळपापड झाला, की मी काही न बोलता दार धाडकन लावून घेतलं. माझ्या मुलाची या घरातली उरलीसुरली खूणसुद्धा पुसली, असंच मला वाटलं. त्यानंतर घरात त्याचा विषय कुणी काढला नाही. नवऱ्याने नाही, मी नाही, आणि आप्पांनी तर नाहीच नाही. त्या खोलीत इस्त्रीचं टेबल गेलं, कपडे वाळत घालायचा स्टँड गेला.

काकू आता 'मी म्हटलं नव्हतं का?' असं म्हणणार, याची मला खात्री होती. मी उत्तर तयार ठेवलं होतं आणि ते चांगलंच झोंबणारं होतं. काकू आल्या, मऊ भाताचा आणि मेतकुटाचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "डबा परत पाठव. घासून पाठव." बास. नंतर रोज डबा येत राहिला आणि त्यांनी तो विषय कधीही काढला नाही. माझं ते तयार उत्तर तसंच राहून गेलं. ते वापरायची वेळ त्यांनी माझ्यावर आणली नाही, याचे उपकार मी कसे फेडू?

मग पुन्हा दिवस गेले. या वेळी सगळं घर चवड्यांवर चालायला लागलं. नवरा मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईना. ऑफिसला खराडीला जायचं, तर गाडी तोच चालवणार, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला माझ्याकडे असा बघणार की जणू मीच फुटणार आहे. बाळ हा शब्द कुणाच्या तोंडून येत नव्हता. डॉक्टर म्हणायच्या, "सगळं छान आहे," आणि आम्ही तिघंही मान खाली घालून "बरं" म्हणायचो. मला हे बाळ घरी आणायचं होतं. जिवंत, रडतं, ओरडतं घरी आणायचं होतं. दुसरं काहीही मागायचं नव्हतं मला कुणाकडे.

सातवा महिना सरला. आठवा लागला. ऑफिसमधल्या मैत्रिणीने एक खोकं हातात ठेवलं. आत कापडी पक्षी होते, दोरीला टांगायचे. पोपट, मैना, एक भलताच जांभळा कावळा. "नर्सरीत लाव गं, मस्त कलरफुल दिसेल," ती म्हणाली. तिला बिचारीला मागचं काही माहीत नव्हतं. मी हसून घेतलं आणि खोकं गाडीच्या डिकीत टाकलं. ते तिथेच पडून राहिलं.

एका रविवारी मी ते खोकं वर घेऊन आले. का आणलं ते मला अजून सांगता येत नाही. आप्पा दारातच उभे होते. खोक्यावरचं चित्र बघून त्यांचा चेहरा पडला.

"ते राहू दे की गाडीतच," ते म्हणाले.

"का?"

"असंच. घाई काय आहे?"

"आप्पा, का राहू दे?"

मग चप्पल नीट लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "नंतर आणू. सगळं नीट पार पडलं की मग आणू."

माझं डोकंच फिरलं. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात आठवा महिना. मी अशी काही बरसले! म्हटलं, "हे तुम्ही बोलताय? आजीचा दोरा कापणारे तुम्ही? काकूंना हसणारे तुम्ही? मग आयुष्यभर आम्हाला काय शिकवलंत?" नवरा आतून धावत आला. मला धरावं की आप्पांना, हे त्याला कळेना.

आप्पा तिथेच, चपलांच्या स्टँडवर बसले. एवढा ताठ माणूस, पण खांदे पडलेले. म्हणाले, "मला भीती वाटते गं. मी मानत काहीच नाही. पण भीती वाटते, त्याला मी काय करू?"

मी आप्पांना घाबरलेलं तोवर कधी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही. माझा सगळा राग तिथल्या तिथे विरला. मी त्यांच्या शेजारी बसायला गेले, पण तो स्टँड दोघांना कुठला पुरणार, म्हणून जमिनीवरच बसले. मग आम्ही दोघंही रडलो. नवरा पाणी घेऊन आला आणि मग तोही बसला.

"मलाही वाटते," मी म्हटलं. "भीती जायची वाट बघत बसलो तर ही खोली कधीच होणार नाही. घाबरत घाबरतच रंगवू."

रंगावरून मात्र भांडण झालं, आणि ते ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! घरात पुन्हा भांडणासारखं भांडण झालं होतं. नवऱ्याला हवा होता फिकट राखाडी, 'एलिगंट दिसतो' म्हणून. मी म्हटलं, बाळ येणार आहे, बँकेचा मॅनेजर नाही. आप्पांना हवा होता निळा. आमच्या घरात निळा हवा म्हटल्यावर पुढे कुणी वाद घालत नाही, त्यामुळे एक भिंत निळी ठरली. दुसरी पोपटी. तिसऱ्या भिंतीवर झाड काढायचं, त्यावर ते कापडी पक्षी टांगायचे. चौथीला खिडकी होती, तिच्याभोवती डाळिंबी. दुकानदाराने शेडकार्ड पुढे केलं, तर आप्पा म्हणाले, "यातला सगळ्यात भडक कुठला?" तो म्हणाला, "काका, शाळा काढताय का?"

मला वास नको म्हणून कमी वासाचा रंग आणला होता आणि मला दारातल्या खुर्चीवर बसायची शिक्षा होती. तिथून मी हुकूम सोडत होते. आप्पा आणि नवरा भिंती घासत होते. झाडाच्या भिंतीवर एके ठिकाणी पांढऱ्याला पोपडा आला होता. नवऱ्याने तिथे खरवडायचा पत्रा फिरवला, पोपडा गळून पडला आणि खालून पिवळा बाहेर आला.

तळहाताएवढा असेल. झगझगीत, जसाच्या तसा.

नवऱ्याचा हात तसाच हवेत राहिला. मला वाटलं आता आप्पा त्यावर पुट्टी घेतील. त्यांच्या हातात पुट्टीचा डबा होताच. मी म्हटलं, "तेवढं राहू द्या."

आप्पांनी डबा खाली ठेवला, हात पुसले आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. नवऱ्याने खिशातून टेप काढली आणि त्या पिवळ्याभोवती हळूच चिकटवली. मग त्याच्या बाजूने झाडाचं खोड वर गेलं, फांद्या गेल्या, पानं आली. टेप काढली तेव्हा खोडाशेजारी ते पिवळं तसंच राहिलं होतं.

आणि मग ती आली! दिवस भरून, वेळेवर, कानठळ्या बसतील असं रडत. डॉक्टर म्हणाल्या, "मुलगी आहे, आणि आवाज चांगला आहे." मी म्हटलं, "माझ्यावर गेली." इतकी सुखी मी जन्मात झाले नव्हते. त्या डॉक्टरांना, नर्सना, बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या दोन पुरुषांना, अगदी वॉर्डातल्या त्या कुरकुरणाऱ्या पंख्यालासुद्धा मला हात जोडावेसे वाटत होते.

घरी आलो त्याच दिवशी काकू त्यांच्या नातवाची वापरलेली झबली घेऊन हजर. "पहिले कपडे जुनेच घालायचे असतात," त्या म्हणाल्या. मी आप्पांकडे बघितलं. आता होतंय काहीतरी. आप्पांनी झबलं हातात घेतलं, गालाला लावून बघितलं. "धुऊन धुऊन मऊ झालंय. नवं कापड टोचतं. हे शास्त्रीय आहे," असा निर्णय त्यांनी दिला. काकू म्हणाल्या, "आमच्यावर उपकार झाले."

नामकरणाच्या दिवशी घर भरलं होतं. त्याआधी आलेला प्रत्येक पाहुणा त्या पिवळ्या जागेकडे बोट दाखवून काहीतरी विचारायचा. रंग संपला का, ओल आहे का, पेंटर पळाला का. मला उत्तर देता येत नव्हतं आणि नवराही गडबडायचा. शेवटी त्याने बाळाचं नवं कपाट आणून बरोबर त्या जागेपुढे उभं केलं. मला ते आवडलं नाही, पण दिवसभर लोकांना काय सांगत बसणार? मीही काही बोलले नाही.

वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, नाव ठेवलं, जेवणं झाली. गर्दी ओसरल्यावर काकू खोली बघायला आत आल्या. आप्पा मुलीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते. काकूंनी पक्षी बघितले. जांभळ्या कावळ्याला नावं ठेवली. मग कपाटाशी वाकून त्या म्हणाल्या, "अहो, इथे कडेला पिवळं काय दिसतंय? रंग कमी पडला वाटतं."

मी मुलीचं दुपटं घडी करायला घेतलं. नवरा उगाच पडदा सारखा करायला लागला.

"नाही, वहिनी," आप्पा म्हणाले. त्यांनी मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. "ती हिच्या दादाची जागा आहे."

दादा. आमच्या घरात त्याच्यासाठी वापरलेला तो पहिला शब्द.

काकू आधी त्या कडेकडे आणि मग आप्पांकडे बघत राहिल्या. पेठेतलं माणूस गप्प होतं ते असं. मग त्यांनी पदर खोचला आणि माझ्या नवऱ्यावर कडाडल्या, "मग त्याच्यापुढे हे धूड कुणी आणून ठेवलं? उभा काय राहिलास, सरकव ते!"

तो धावला. मीही गेले. काकूंनी स्वतः खांदा लावला. आप्पा मुलीला घेऊन बाजूला उभे राहिले, तिला नीट दिसेल असे.