खुंटीमावशीची बाशिंगं

खुंटीमावशीच्या घरातून बाहेर पडताना ज्याचं डोकं कशाला ना कशाला आपटलं नाही, असा माणूस आमच्या बोळात नव्हता. मावशी लग्नाची बाशिंगं करायची आणि घराची पुढची खोली हाच तिचा कारखाना. भिंतीला ओळीने खुंट्या, प्रत्येक खुंटीला एक थैली आणि थैलीच्या तोंडाशी आतल्या मालाचा नमुना टाचलेला. कुठे मणी, कुठे आरशाचा तुकडा, कुठे चकाकणारी बेगड, कुठे रेशमी गोंडा. थैली निम्म्यावर आली की ती खुंटीवरून निघायची आणि दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला लटकायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, चांगले उंच. कामावर निघताना थैली कपाळावर आदळली की ते मुकाट्याने नवी पेठेतून तो जिन्नस घेऊन यायचे. मावशी म्हणायची, "सांगितल्यालं इसरतंय माणूस. कपाळाला लागल्यालं इसरत न्हाय."

लहानपणी मी एकदा भातुकलीसाठी तिचा आरशाचा तुकडा उचलला. संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर हजर. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण ती म्हणाली, "घेतलास ते घेतलास. पर मला सांगून घ्यावं की गं. हितं आरसा कमी पडला तर तिकडं कुणाचं तरी लगीन खोळंबतंय." एवढ्याशा काचेवर कुणाचं लग्न अडेल हे मला काही पटलं नाही. तिला मात्र ते अगदी खरं वाटायचं.

मग एका माघात काका गेले. लग्नसराई तोंडावर होती आणि मावशीकडे एकही गिऱ्हाईक फिरकेना. पांढऱ्या कपाळाच्या बाईचा हात नवरानवरीच्या बाशिंगाला कसा चालेल? तोंडावर कुणी बोललं नाही, पण वर्षानुवर्षांची घरं पेठेतल्या दुकानांकडे वळली. दिराने सुचवलं, सगळं सामान विकून टाक. मावशीने हातोडी घेतली आणि चौकटीवरचे खिळे उपटून खाली, बाजूच्या लाकडात आपल्या कपाळाच्या उंचीवर ठोकले. मी विचारलं तर म्हणाली, "आता बाजारात मी जाणार. मग माझ्या कपाळाला लागाय नको?" पोटासाठी ती देवाच्या वाती वळून विकायची आणि उरलेल्या पैशांत बेगड आणायची. एकही बाशिंग होत नव्हतं आणि थैल्या मात्र गच्च भरलेल्या. बोळात लोक तिला वेडी म्हणू लागले. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची.

त्याच वर्षी वैशाखात गोऱ्या सरकारने शहरात गोळीबार केला आणि लष्करी कायदा लावला. रस्त्यारस्त्यावर शिपाई, पेठेतल्या दुकानांना कुलपं. आणि नेमकं माझं लग्न ठरलेलं! वैराग गावाहून नवऱ्याकडची मोजकी माणसं परवाना काढून येणार होती. तांदूळ, हळद, लुगडी घरात होती, बाशिंगं नव्हती. वडील दोनदा हिंडून रिकाम्या हाताने परत आले.

"खुंटीमावशीकडं सगळं सामान हाय," आई म्हणाली.

आत्या कडाडली, "विधवेच्या हातचं? पोरीच्या कपाळाला?" मग जरा वेळाने तीच हळूच म्हणाली, "बरं, करू दे. पण मागल्या दारानं आण. कुटनं आणलं ते कुणाला सांगू नको."

आई गेली. मीही हट्टाने तिच्यासोबत गेले. मावशीने सगळं ऐकून घेतलं. हातातली वात तिने पुरती वळली आणि मगच ती बोलली.

"करीन की. दोनी करीन, आणि लई झ्याक करीन. पर मागल्या दारानं द्यायची न्हाय. मी मांडवात येऊन माझ्या हातानं देईन. जमत असंल तर सांगा. न्हायतर बिनबाशिंगाचं लगीन लावा."

आईने मान खाली घातली. तिलाही भीती वाटत होती, हे मला दिसत होतं. लेक माझी असती तर मीही घाबरले असते. मी आईचा पदर ओढला. आई थैल्यांकडे बघून म्हणाली, "या मावशी. पुढल्या दारानं या."

लग्नादिवशी ती आली. धुतलेलं लुगडं, दोन्ही हातांवर परातीत दोन बाशिंगं. मांडवातल्या बायका बाजूला सरकल्या. आत्या तर उठून आत निघून गेली. मावशीने कुणाकडे पाहिलं नाही. माझ्या मामाने बाशिंग बांधलं ते वाकडं. तिने परात खाली ठेवली, सगळ्यांच्या देखत माझ्या कपाळावरच्या बाशिंगाची गाठ सोडली आणि पुन्हा नीट बांधली. मी डोळे मिटून घेतले, नाहीतर तिथेच रडले असते.

पुढच्या सराईला काही घरं तिच्याकडे परत आली. काहीजण अंधार पडल्यावर मागच्या दाराशी यायचे. त्यांना ती तशीच परत पाठवायची. उपास पडले तरी तिने तो नियम मोडला नाही. ती गेल्याचं मला सासरी, वैरागात, फार उशिरा कळलं. मी स्वयंपाक टाकून बसून राहिले.

माझा संसार भरभरून झाला. नातवंडं मांडीवर खेळवून आमचे हे गेले, तेव्हा धाकट्या लेकीचं लग्न तेवढं राहिलं होतं. तिच्या लग्नाच्या दिवशी माझ्यासाठी कुणीतरी मायेनेच मागच्या खोलीत सतरंजी घातली आणि म्हणालं, "तुम्ही इथं निवांत बसा." मी ती सतरंजी गुंडाळून काखोटीला मारली, मांडवात नेली आणि बोहल्यासमोर अंथरून तिच्यावर बसले.