एरंडेलाचा धूर आणि खंदारे सर

हिंगोलीच्या तंत्रशिक्षण संस्थेत मी लिपिक म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी कार्यशाळेकडून एरंडेलाचा वास आला. कुणाचे तरी पोट बिघडले असावे, असे वाटून मी दारात डोकावलो. पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उघड्या इंजिनासमोर मांडी घालून बसले होते. "या भाऊ. माझं पोट बराबर हाय. हे गाडीचं औषध हाय," ते म्हणाले. लेथ यंत्रावरचे काम शिकवणारे निदेशक प्रल्हादराव खंदारे सर यांची आणि माझी ओळख झाली ती अशी. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आज सर साठी पूर्ण करीत आहेत.

सरांना वेड जुन्या टू-स्ट्रोक रेसच्या मोटारसायकलींचे. या इंजिनांना तेल वेगळे नसते, ते पेट्रोलातच मिसळावे लागते, आणि जुन्या रेसच्या गाड्यांना तर एरंडाचेच तेल मानवते, हे ज्ञान मला सरांकडून मिळाले. परदेशी मासिके रद्दीतून आणून सर शब्दकोश घेऊन वाचत. आमच्याकडे बैलगाडीनेही जपून चालावे असे रस्ते, आणि सर बोलणार शर्यतीच्या वेगाबद्दल! लोक हसत. मीही हसलो आहे.

पण सरांचे ज्ञान केवळ हौसेपुरते नव्हते. पाठीवरचे फवारणीचे पंपही टू-स्ट्रोकच. कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर आम्ही चहा घेत असताना एक शेतकरी बंद पंप घेऊन आला. सरांनी विचारले, "तेल किती टाकता?"

"टाकतो की अंदाजानं टोपनभर."

"अंदाज कालवणात मिठाचा करा, बाबा. इथं मोजूनच टाकायचं." चहा निवून गेला, पण पंप सुरू करूनच सर उठले. त्यानंतर दर रविवारी सरांच्या अंगणात पंपांची रांग लागू लागली, आणि सरांनी कुणाला परत पाठवल्याचे मला आठवत नाही.

दोन हजार सालानंतर सरांच्या आयुष्यात ती गाडी आली. हैदराबादचे एक वृद्ध गृहस्थ तरुणपणी स्वतः शर्यतीत उतरलेले. त्यांच्याकडे तशी एक दुर्मिळ गाडी कित्येक वर्षे बंद पडून होती. त्यांनी सरांना ती दिली, पण अट घातली, "चला के दिखाओ, गाडी तुम्हारी. नै तो वापस ले जातूं."

दोन वर्षे सरांनी सणवार पाहिले नाहीत. "लेकराच्या बारशाला इतकी धावपळ केली न्हाई यांनी," सरांच्या पत्नी कमलवहिनी म्हणायच्या, आणि हसत हसत सरांपुढे आणि हाताखाली मदतीला बसलेल्या माझ्यापुढे पोह्यांच्या बश्या ठेवायच्या.

अखेर सिद्धेश्वर धरणाजवळच्या सरळ रस्त्यावर चाचणी ठरली. म्हातारेबुवा आले, विद्यार्थी आले. सरांजवळ दोन सारखेच पांढरे कॅन असत. एकात तेल मिसळलेले पेट्रोल, दुसऱ्यात सुटे भाग धुण्याचे नुसते पेट्रोल. मिसळलेल्या कॅनच्या दांडीला लाल चिंधी बांधलेली असे. सरांनी भरण्यासाठी कॅन मागितला, मी तो दिला. गाडी सुरू झाली, किंचाळत निघाली, पोरांनी टाळ्या पिटल्या. तिकडे अर्ध्या रस्त्यात मागचे चाक करकचून अडकले. सर कसेबसे सावरले. पिस्टन तापून सिलिंडरात घट्ट बसला होता आणि तसे सिलिंडर दुसरे मिळणार नव्हते.

"सूखा चलाए क्या?" म्हातारेबुवा कडाडले.

मी पुढे झालो. सरांनी माझा दंड घट्ट धरून मला मागे सारले. "हां साहब. तेल मिसळायला मीच इसरलो," ते सर्वांसमोर म्हणाले.

गाडी जाणार, हे आम्हा सर्वांना कळून चुकले. पण म्हातारेबुवांनी मुदत दिली, "छे महीने." सरांनी लेथवर सिलिंडरची नवी बाही, म्हणजे आतली नळी, कातली, तिच्यातल्या पेट्रोल आत आणि धूर बाहेर जाण्याच्या खिडक्या कानशीने हाताने घासल्या, दुसऱ्या गाडीचा मोठा पिस्टन घेऊन तो कातून बसता केला. सहाव्या महिन्यात त्याच रस्त्यावर स्वतः म्हातारेबुवांनी ती गाडी पळवली, आणि उतरल्यावर, शर्यतीच्या गाडीला किल्ली नसल्याने, आपले हातमोजे सरांच्या हातात ठेवले.

तेव्हापासून "तेल विसरलेले सर" ही आमच्या मंडळींची आवडती थट्टा आहे. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथातही ती कुणी ना कुणी केली असेलच. मला ती आता सहन होत नाही. त्या दिवशी पाहुण्यांची खुर्ची पुसायला मी ती लाल चिंधी सोडली होती, आणि घाईत परत बांधली ती चुकीच्या कॅनला. गाडी अडकल्यावर कॅनवरची गाठ पाहताच ती आपली नव्हे, हे सरांना उमगले होते. परतताना मी रडत माफी मागितली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "ओतनाऱ्याला बोट घालून तेल पाहावं लागते. मी पाहिलं न्हाई. तुमी काहून रडून राहिले?" आणि हे कुणाला न सांगण्याचे वचन घेतले.

सर, ते वचन मी आज मोडले आहे. तुम्ही रागावणार. माझ्यावर रोज सकाळी रागवायला येण्याइतकी ठणठणीत तब्येत तुम्हाला पुढची चाळीस वर्षे लाभो. दार मी उघडे ठेवीन.